चुन्याच्या रेघेपर्यंत

झाडावर माया करणारी माणसं पुष्कळ असतात, पण झाड गेल्यावर मागे जो बुडखा उरतो त्याच्यावर जीव टाकणारा माणूस या उभ्या किनाऱ्यावर एकच झाला, आणि तो माझ्या वाट्याला थोरला दीर म्हणून आला. अलिबागपासून मुरुडपर्यंत कुठंही झाड पडलं की लोक विचारतात, कुणाला लागलं तर नाही ना. आमचे भावजी विचारायचे, बुडखा कुणी नेला तर नाही ना. कुणी नेलेला नसतोच. खोड वखारवाला नेतो, फांद्या बायका नेतात, पाला शेळ्या खातात, आणि मुळ्या वर करून बुडखा तसाच पडून राहतो. तो फोडायचा म्हणजे चार दिवस घाम गाळायचा, कुऱ्हाडीचा एखादा दांडा मोडायचा, आणि शेवटी हाती काय, तर वेड्यावाकड्या ढलप्या. शहाणा माणूस त्याच्या वाटेला जात नाही. भावजी गेली कित्येक वर्षं दुसऱ्या कुठल्या वाटेला गेलेलेच नाहीत. आमच्या अंगणात कधी नऊ, कधी बारा बुडखे बसलेले असायचे. आंब्याचे, फणसाचे, चिंचेचे आणि मोठ्या वादळानंतर काशीदच्या किनाऱ्यावरून आणलेले सुरूचे. नवीन आलेला पोस्टमन एकदा संध्याकाळी फाटकातूनच परत फिरला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "काल तुमच्याकडं बैठक चालली होती, म्हटलं मध्ये कशाला जा."

बुडखा घरी आला की लगेच कुऱ्हाड घालायची अशी भावजींची रीत नव्हती. आधी त्याची ओळख करून घ्यायची. दोन दिवस ते त्याच्यासमोर उकिडवे बसून राहायचे, मध्येच उठून पलीकडून बघायचे, बोटांनी ठोकून कान लावायचे. "हरेक बुडख्याला येक जागा आसते," ते म्हणायचे, "तितं मारला तर सोताहून उघडतो. दुसरीकडं कुटं मारा, तुमचंच हात रडतील." मग त्यांनी प्रत्येकाचा स्वभाव ठरवलेला असायचा. वरून गुळगुळीत आणि आत नुसत्या गाठी, असा असला की तो जावई. चिंच ही त्यांची आत्या, कारण आत्या मरेपर्यंत कुणापुढं वाकली नव्हती. एका भल्या मोठ्या सुरूच्या बुडख्याला ते सासरा म्हणायचे. किनाऱ्यावर तो झाड होता तेव्हा कोळ्यांनी त्याला वर्षानुवर्षं साखळीनं होड्या बांधल्या होत्या, आणि झाडानं वाढता वाढता ती लोखंडी साखळीच गिळून टाकली होती. त्याच्यावर दोन कुऱ्हाडींची धार गेली. तेव्हापासून भावजी त्याला वळसा घालून जायचे. "सासरा हाय. मान द्यायचा, नादी लागायचा न्हाय," म्हणायचे.

ओळख झाली की आंघोळ. किनाऱ्यावरच्या बुडख्यांच्या मुळ्यांत रेती भरलेली असते, आणि रेतीचा एक कण कुऱ्हाडीची सबंध धार खातो. म्हणून भावजी विहिरीवरून पाणी शेंदून आणायचे आणि नारळाच्या काथ्यानं बुडख्याच्या खाचाखोचा घासत बसायचे, लहान मुलाचे कान धुवावेत तसे. एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला गेलेली असायची, बायका हंडे घेऊन उभ्या, आणि हे आपले बुडख्याला न्हाऊ घालतायत. शेजारच्या म्हाताऱ्या काकींना ते बघवायचं नाही. "आरं, सोताच्या पाठीला कवा काथ्या लावलास का?" त्या विचारायच्या. भावजी मान वर न करता म्हणायचे, "माझ्या पाठीवर कुणाला कुऱ्हाड मारायची न्हाय, काकी."

माझ्याशी मात्र ते बोलत नसत. यात भांडण काही नव्हतं. आमच्याकडं धाकट्या सुनेनं थोरल्या दिरासमोर उभं राहू नये, बोलू तर मुळीच नये, अशी रीत होती. आता ती कुणी पाळत नाही, पण मी जात्याच अशी, की ती मोडायला कुणी सांगितलं असतं तरी माझ्यानं मोडवली नसती. भावजी तर माझ्याहून लाजरे. मग आमचं बोलणं बुडख्यामार्फत चालायचं. अंगणातून आवाज यायचा, "बुडख्या, चहा झाला आसल तर बरा व्हईल." मी दाराआडून कोंबडीला सांगायची, "च्या ओट्यावर ठेवलाय गं, निवंल." कधी भाजीत मीठ जास्त पडलं, तर ते बुडख्याला म्हणायचे, "काय रं, आज समुद्र घरात आला हुता काय?" आणि मी आत तोंडाला पदर लावून हसायची. लग्न होऊन आले तेव्हापासून पंचवीस वर्षं एका घरात राहून आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही, आणि तरी सगळं बोललो.

जाऊबाई होत्या तोवर हा सगळा छंद होता, वेड नव्हतं. त्या त्यांना आवरायच्या, म्हणजे आवरल्यासारखं करायच्या. एकदा खाडीपलीकडं दिघीला लग्न होतं. पंगत बसली, भात वाढून झाला, वरण येतंय तोवर भावजी पानावरून उठून गेले. बंदराच्या बाजूला रस्ता रुंद करायला फणसाचं झाड पाडलेलं त्यांना येतानाच दिसलं होतं. परत आगरदांड्याला यायला आम्ही फेरीबोटीवर आलो, तर हे पांढऱ्या धोतरात, टोपी सरळ करून, हातगाडीवरच्या बुडख्याशेजारी उभे. तिकीटवाला डोकं खाजवायला लागला. "काका, माझ्याकडं माणसं हायत, मोटारी हायत, गुरं हायत. ह्ये कशात धरू?" भावजींनी जरा विचार केला. "गुरात धर. पन बसलेलं गुरू." बोटीवर बसायला जागा नव्हती. जाऊबाई नऊवारीचा काष्टा सावरून त्या बुडख्यावरच बसल्या, आणि खाडी ओलांडेपर्यंत खाली मान घालून हसत होत्या. तो बुडखा भावजींनी कधी फोडला नाही. मागच्या दाराशी ठेवला. जाऊबाई त्याच्यावर बसून मासळी साफ करायच्या. अजून तो तिथंच आहे.

जाऊबाई श्रावणात गेल्या. चार दिवस पाऊस खळला नव्हता. आमच्या गावात कुणी गेलं की घरटी एक लाकूड न्यायची रीत आहे. पूर्वी प्रत्येकाच्या चुलीवर, माळ्यावर सुकं जळण असायचं, त्यातलं एक उचलून माणूस यायचा. गॅस आल्यावर लाकूड गेलं, रीत तेवढी राहिली. त्या दिवशी कुणी कुंपणाची ओली फांदी मोडून आणली, कुणी खुर्चीचा मोडका पाय आणला, कुणी भिजलेली फळी. आम्ही बायका घरीच होतो. दुपारनंतर कधीतरी भावजी एकटेच परत आले, अंगावरून पाणी निथळत, आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्या दारात ते आधी कधी आले नव्हते. त्यांनी नुसता हात पुढं केला. काय हवंय ते मला कसं कळलं ते सांगता येणार नाही, पण मी चुलीजवळची फुंकणी उचलून त्यांच्या हातात दिली. जाऊबाईंचीच फुंकणी, बारा महिने त्यांच्या तोंडाची. ती घेऊन ते पावसात परत गेले. आमच्या घरच्यांनी, म्हणजे भावजींच्या धाकट्या भावानं, मला नंतर सांगितलं, की तीनदा विझलं, रॉकेल संपलं, माणसं एकेक करून निघून गेली, आणि दादा उकिडवा बसून फुंकत राहिला.

त्यानंतर भावजींना एकच हवं होतं, आणि ते त्यांनी कुणापासून लपवलं नाही. आपलं सरण सुक्या लाकडाचं व्हावं. कुठल्याही महिन्यात, कसल्याही पावसात, एकदा लावलं की लागावं, आणि कुणाला फुंकत बसायला लागू नये. त्यांनी घरामागं खोपी बांधली, पत्र्याची, चारी बाजूंनी ताडपत्रीची, जमिनीपासून वर दगडांवर उचललेली. आत खांबावर बोटानं चुन्याची रेघ ओढली. "येका मानसाला हितवर," असं त्यांनी बुडख्याला समजावून सांगितलं. लाकूड बुडख्याचंच हवं. "फांदी वाऱ्यावर वाढते, बुडखा वझं घेऊन वाढतो," ते म्हणायचे. "पावसात फांदी पळून जाईल. बुडखा जळायला बसला की बसला." माणगावच्या बाजारातून त्यांनी नवा घण आणला, लोहाराकडून ट्रकच्या पाट्याच्या पाचरी ठोकून घेतल्या, आणि दिवस उजाडला की ठण ठण सुरू. एकानं यांत्रिक करवत आणून देतो म्हटलं, तर त्यांनी हात जोडले. मशीन कापते, फोडत नाही, आणि न फोडलेलं लाकूड आतून सुकत नाही, असं त्यांचं म्हणणं.

सबंध एक वर्ष खपून थप्पी चुन्याच्या रेघेला लागली. भावजींनी त्या दिवशी आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसलं आणि खोपीसमोर खुर्ची टाकून बसले. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या आळीतले एक गृहस्थ गेले. पाऊस होता. लोक ओल्या फांद्या घेऊन निघाले, ते भावजींना फाटकातून दिसलं. ते उठले आणि स्वतः खोपीचं दार उघडून उभे राहिले. घरटी एक लाकूड ही रीत, पण त्यांच्या घराची सगळी थप्पी गेली. परत आल्यावर त्यांनी कुऱ्हाडीला धार लावायला घेतली.

दुसऱ्यांदा थप्पी रेघेला लागायला दीड वर्ष लागलं. लागली, आणि आठवड्याच्या आत शाळेजवळच्या आजी गेल्या. तिसऱ्यांदाही तसंच. मग गावात कुणीतरी बोललं, आणि एकदा बोललेलं गावात राहत नाही, पसरतं. थप्पी भरली की गावातलं एक माणूस जातं. म्हातारी माणसं सकाळी फिरायला म्हणून निघायची ती आमच्या मागच्या कुंपणाशी येऊन थांबायची. आत डोकावून बघायची आणि जरा सैल चालीनं परत जायची. शेजारच्या काकी सगळ्यांत धीट. त्या सरळ आत येऊन विचारायच्या, "किती रायला रं?"

"चार थर."

"मंग मी लेकीकडं जाऊन येते आठ दिस."

थर दोनवर आले की काकी कुठं जात नसत, आणि रोज दुपारी, सगळी निजलेली असताना, पदराआड एक ढलपी लपवून घेऊन जात. भावजींना ते माहीत होतं. काकींचे हात वर पोचत नाहीत म्हणून ते रोज सकाळी एक बारीक ढलपी त्यांच्या हाताला लागेल अशी खाली ठेवायचे. "बुडख्या," एकदा ते हळूच म्हणाले, "मांजराला दूध ठेवल्याबिगर जीवाला बरं वाटत न्हाय."

खोपीला न भिणारा गावात एकच माणूस होता. मोहल्ल्यातले चाचा, भावजींचे शाळेपासूनचे दोस्त, पुष्कळ वर्षं दुबईला राहून आलेले. ते रोज दुपार कलली की अस्रची नमाज आटपून यायचे आणि थप्पीला पाठ टेकून निवांत बिडी ओढायचे. लोक त्यांना म्हणायचे, चाचा, तिथं कशाला टेकता. चाचा म्हणायचे, "आपल्याला काय खौफ? याचं लाकूड आमच्या कामाचं न्हाय. आम्हाला फक्त फळ्या लागतात, त्या मी सुताराला सांगून ठेवल्यात." मग भावजींकडं बघून, "पन तू असाच वाटत रायलास ना, तर तुलाच ओली फांदी मिळंल, येवढं ध्यानात ठेव."

भावजी घण खाली ठेवून म्हणायचे, "मी घाईत न्हाय."

गेल्या आषाढात थप्पी रेघेच्या वर गेली होती. एवढी ती कधीच झाली नव्हती. भावजी थकले होते, वय सत्तरीच्या पुढं, आता ही शेवटची असं त्यांनी ठरवलेलं मला बुडख्याकडून कळलं होतं. सगळ्या गावानं श्वास रोखून धरला होता. आणि आमचे घरचे गेले. माझे. सहा आसनी रिक्षा चालवायचे, काशीदहून पाहुणे सोडून आले, छातीत दुखतंय म्हणून ओट्यावर बसले, मला पाणी आण म्हणाले. मी पाणी घेऊन आले.

त्या दिवसाचं मला थोडंच आठवतं. बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता आणि मागच्या बाजूला खोपीतून लाकडं काढल्याचा आवाज येत होता. एकेक लाकूड दुसऱ्यावर आपटतं तो आवाज. काकी माझा हात धरून बसल्या होत्या आणि प्रत्येक आवाजाला त्यांचा हात माझ्या हातात आवळत होता. संध्याकाळी माणसं परत आली. मी आत भिंतीला टेकून बसले होते. अंगणात भावजींची पावलं आली, थांबली. मग त्यांचा आवाज आला.

"बुडख्या, सांग तिला. येकदाच लागलं. फुंकनी लागली न्हाय."

पंचवीस वर्षांत ते माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते. मला कोंबडी सापडली नाही.

खोपी रिकामी झाली. लहान भावाला आपलं सरण देऊन भावजी पावसाळाभर ओट्यावर बसून राहिले. मला वाटलं, आता कुऱ्हाड संपली. पण दसरा झाला आणि ते उठले. अंगणात बुडखेही उरले नव्हते, किनाऱ्यावर वादळातले होते ते संपले होते, लांबून आणायची ताकद नव्हती. उरला होता तो सासरा. त्यांनी त्याला आंघोळ घातली. दोन दिवस समोर बसले. चाचा म्हणाले, "आरं, ह्याला सोड. ह्याच्या पोटात लोखंड हाय, तुझ्या पोटात काय हाय?" भावजींनी ऐकलं नाही. रोज थोडं थोडं करत त्यांनी त्याच्यावर हातभर लांबीची एक चीर पाडली. एका सकाळी मी चुलीवर पाणी ठेवत होते. ठण, ठण, असा आवाज येत होता आणि मध्येच आलाच नाही. मी वाट पाहिली. मग बाहेर गेले. घण खाली पडला होता, भावजी सासऱ्याला टेकून बसले होते, आणि उजवा हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा मांडीवर पडला होता.

अलिबागच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणलं ते खुर्चीतच. उजवी बाजू गेली. वाचा गेली. आता त्यांना एकच शब्द येतो, "हं." माझी लेक माणगावला दिलेली आहे, ती म्हणाली, आई, तू एकटीनं कसं करशील. मी म्हटलं, चाचा आहेत. चाचा रोज सकाळी येतात, त्यांना उचलून न्हाणीत नेतात, आंघोळ घालतात. आतून त्यांचा आवाज ऐकू येतो, "घासू का फोडू, ते सांग," आणि मग पाण्याच्या आवाजात एक "हं" येतो.

खुर्ची त्यांना मागच्या दारीच हवी असते. समोर खोपी. रिकामी. चुन्याची रेघ लांबूनही दिसते. दिवसभर ते त्या रेघेकडं बघतात. पौष गेला, माघ गेला. मला स्वयंपाक करताना, भांडी घासताना पाठीला ती नजर कळायची. माझ्याकडं नसायची, तरी. हा माणूस गावातल्या तीन माणसांना आणि माझ्या माणसाला सुक्या लाकडावर ठेवून बसला होता, आणि त्याच्यासाठी लोक कुंपणाच्या फांद्या घेऊन येणार होते. आणि फुंकणी घेऊन बसायला घरात आता पुरुष माणूस नव्हता.

शिमग्यानंतर मी आत गेले आणि कुऱ्हाड आणली. पदर खोचला. कुणी बघत नाही ना, म्हणून दोन्हीकडं पाहिलं. बघत होते ते भावजीच. मी सासऱ्याच्या चिरेवर कुऱ्हाड उचलली, तर ते खुर्चीच्या हातावर डावा हात आपटायला लागले. मी थांबले. परत उचलली, परत आपटायला लागले. मला वाटलं, बाईनं कुऱ्हाड धरलेली त्यांना पटत नसेल. माझे डोळे भरून आले. मग त्यांनी डाव्या हातानं विहिरीकडं दाखवलं. मी आंघोळ घालायची विसरले होते.

मी त्याला काथ्यानं घासला. मग मला आठवलं, फार घट्ट बुडख्याला ते सुक्या बाभळीच्या पाचरी ठोकायचे आणि वरून पाणी ओतत राहायचे. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि आतून जोर लावतं. "घणानं जमत न्हाय ते तहान करते," म्हणायचे. माझ्या हातात घणाचा जोर नाही. मी पाचरी ठोकल्या, वाकड्यातिकड्या, आणि सकाळ-संध्याकाळ कळशीभर पाणी ओतायला लागले. आठ दिवस झाले, दहा झाले. काकी येऊन बघून गेल्या. "खुळी झालीस गं, बुडख्याला पानी घालून त्याला काय पालवी फुटनार हाय?" बाराव्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते आणि मागून मोठ्यानं कडाड असा आवाज झाला. धावत गेले. सासरा वरपासून खालपर्यंत उघडला होता. भावजींचा चेहरा अर्धाच हलतो. तेवढा अर्धा हसत होता.

मी त्यांच्यासमोर उभी होते. डोक्यावर पदर नव्हता, हाताला पीठ. बुडखा दोन तुकड्यांत पडला होता, कोंबडी जवळपास नव्हती. मी म्हटलं, "भावजी, उघडला."

"हं," ते म्हणाले.

तिथून पुढं मला रोज जमेल तेवढं मी फोडते. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. सासऱ्याच्या पोटात लाकूड पुष्कळ निघालं, मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट. मध्ये साखळी सापडली, ती मी खोपीच्या खांबाला अडकवून ठेवली आहे. थर चढत गेले. फोडलेलं उन्हात टाकायचं, उलटायचं, सुकलं की रचायचं. भावजी बघतात, वेडंवाकडं रचलं की हात आपटतात. चैत्र सरला, वैशाख आला, आणि एका दुपारी मी मागं सरून पाहिलं तर थप्पी आणि चुन्याची रेघ यांच्यात एकच थर उरला होता. उरलेल्या थराचं लाकूड अंगणात सुकून तयार पडलं होतं.

तेव्हा माझे हात थांबले. मी तशी या गोष्टी मानणारी नाही. म्हातारी माणसं म्हाताऱ्या वयात जातात, थप्पीचा काय संबंध, असं मी काकींना किती वेळा मनात म्हटलं आहे. पण आमचे घरचे गेले तेव्हा ती रेघेच्या वर होती. मी पुरी केली नाही आणि भावजी भर पावसात गेले, तर त्यांच्या वाट्याला ओलं येईल. पुरी केली आणि ते गेले, तर मीच त्यांना धाडलं असं मला वाटत राहील, आणि मग या घरात बुडख्याशी बोलायलाही कुणी उरणार नाही. मी चाचांना विचारलं. त्यांनी बिडी जमिनीवर घासून विझवली. म्हणाले, "पोरी, मला याच्यातलं काय कळत न्हाय. तुमचं लाकूड, तुमचं तुम्ही बघा." पण त्या दिवसापासून ते थप्पीला पाठ टेकत नाहीत. खुर्चीजवळ जमिनीवर बसतात.

आता आमचं असं चाललं आहे. दुपारी ऊन उतरलं की मी शेवटचा थर रचायला घेते. भावजी बघत असतात. जवळजवळ पुरा होतो. मग मी मागच्या दाराशी जाऊबाईंच्या फणसाच्या बुडख्यावर जरा टेकते, त्यांच्या खुर्चीशेजारी, आणि आम्ही दोघं थप्पीकडं बघत बसतो. दिवस कलला की मी उठते आणि सकाळच्या आंघोळीच्या पाण्यासाठी म्हणून त्याच थरातली पाच-सहा लाकडं काढून न्हाणीच्या चुलीशी नेऊन ठेवते. गॅस आहे घरात. त्यांना ते माहीत आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी हात आपटला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी हात उचलला, पण खुर्चीपर्यंत आला नाही, मध्येच हळू होऊन मांडीवर जाऊन बसला. मी लाकडं पदरात घेऊन उभी होते, काकी घेऊन जायच्या तशी.

"भावजी," मी म्हटलं, "उद्या पुरा करते."

"हं," ते म्हणाले.

काल रोजच्यासारखी लाकडं काढायला गेले, तर वरच्या थरापर्यंत माझा हात जायची गरजच पडली नाही. खाली, हाताला लागेल अशा जागी, सहा बारीक ढलप्या वेगळ्या काढून ठेवलेल्या होत्या. भावजींची खुर्ची सकाळी ठेवली होती त्याहून हातभर खोपीजवळ सरकलेली होती, आणि ते डोळे मिटून झोपल्यासारखे बसले होते. डाव्या हाताच्या बोटांना सुरूची साल लागली होती.